यादीला सांगायचं राहून गेलं

१४ नोव्हेंबर

फूलमाया मिस आज चढ चढून आली. अंगणवाडी आटोपून, छत्री टेकत, मतदारयादी प्लास्टिकच्या पिशवीत. निवडणूक एप्रिलमध्ये, पण नावं आत्ताच नीट करून ठेवायची म्हणाली. आमच्या देछेनला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली, तिचा सहा नंबरचा फॉर्म भरला. जन्मदाखला, पत्त्याचा कागद, फोटो. सही करण्याआधी पोरीने हात ओढणीला पुसले. सही तरी तिरकीच आली!

माझी बायको छुमकी अंगणात वेलची निवडत होती. तिथूनच ओरडली, "मिस, आमच्या लामासाहेबांचं नाव घरात आलं का? की अजून गोम्पातच?"

"गोम्पातच, वहिनी. संघाच्या यादीत."

"बघा! जेवायला घरात, मत द्यायला गोम्पात!"

देछेनला हे नवीन. बाबांचं मत आपल्याबरोबर नाही? मिसने समजावलं. आपल्या विधानसभेत एक जागा गोम्पांची, मठांची आहे, तिलाच संघाची जागा म्हणतात. तिला गाव नाही, हद्द नाही. उभे राहणार लामा नाहीतर आनी, म्हणजे भिक्षुणी, मत देणारेही लामा नाहीतर आनी. बाबांचं मशीनच वेगळं.

दीदी, माझी मोठी बहीण, चुलीपाशी बसली होती. लोणी न्यायला आली होती गोम्पाच्या मिठाच्या चहासाठी. तिने विचारलं, "माझं नाव कुठंय गं?"

मिसने पान उलटलं. "याच घरात, दीदी. ल्हाकित. वडिलांचं नाव, घर नंबर, सगळं बरोबर आहे."

दीदीने कप खाली ठेवला. "ती ल्हाकित कोण?"

दीदीने केस उतरवले, आनी झाली, तेव्हा देछेनचा जन्मही झाला नव्हता. गुरूंनी नाव दिलं छोजोम. तेव्हापासून गोम्पाच्या वर, माणी म्हणजे प्रार्थनेचं चाक फिरवायच्या घराला लागून एक खोली आहे, तिथे राहते. ल्हाकित म्हणून तिला कोणी हाकही मारत नाही.

"मी घर सोडलं हे सगळ्या गावाला ठाऊक," दीदी म्हणाली. "यादीला सांगायचं राहून गेलं वाटतं."

१५ नोव्हेंबर

मिसला वाटेत गाठून नीट विचारून घेतलं. जागा बदलायचा फॉर्म. नवा फोटो. आणि गोम्पाच्या समितीचा दाखला, की ही आमच्या गोम्पाची आनी आहे. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. इथून निघेल, तिथे लागेल.

"दाखला आधी घ्या, लामा. फॉर्म मग. नाहीतर इथून नाव निघायचं आणि तिथे लागायचं नाही. मग यंदा मत कुठेच नाही!"

दाखल्याचं काय, एका दिवसाचं काम. समितीत मीही आहे.

२३ नोव्हेंबर

दीदीला घेऊन बाजारात गेलो, फोटोसाठी. फोटोवाला म्हणाला, टोपी काढा. तिने काढली. तो पडद्यामागून बाहेर आला. "अहो, कान दिसायला हवेत एवढंच म्हणतो मी." दीदी म्हणाली, "दिसतील. झाकायला काही ठेवलंच नाही."

जुन्या कार्डावरचा फोटो तिने त्याला दाखवला. वेणी, कानात मोठे पोवळ्याचे झुमके. तो म्हणाला, ही तुमची धाकटी बहीण का? ती म्हणाली, "होती."

येताना दीदीने लाकडी भांड्यांच्या दुकानात एक वाडगा उचलून पाहिला. परत ठेवला.

२ डिसेंबर

आज समितीची बैठक. सकाळच्या पूजेनंतर, गोम्पाच्या ओसरीवर, उन्हात. राबग्ये लामा अध्यक्ष. आम्ही सगळे त्यांना मोठे लामा म्हणतो. वय झालं, गुडघे गेले, पण पाठ अजून सरळ. पाल्देन सर सचिव, शाळेतून निवृत्त झालेले. शिक्का त्यांच्याकडे. बाकी दोघे-तिघे, आणि मी उम्जे म्हणून. उम्जे म्हणजे मंत्राची पहिली ओळ मी उचलायची, मग बाकीच्यांनी.

मी विषय काढला. वाटलं होतं मान हलवतील.

मोठे लामा म्हणाले, "छोजोम ओळीत बसते का?"

"नाही."

"तिचा वाडगा आहे का ओळीत?"

"नाही."

"मग कसा दाखला देऊ?"

हे आमच्याकडचं खरंच आहे. गोम्पाचा कोण हे कागदावरून कधी ठरलंच नाही. पूजेला दोन ओळी समोरासमोर बसतात, प्रत्येकाचा आपला लाकडी वाडगा समोर, चहा येतो, प्रसाद येतो, वाटा येतो. ज्याचा वाडगा ओळीत तो गोम्पाचा. लामा गेला की त्याचा वाडगा पालथा घालून फळीवर ठेवतात. माझं नाव संघाच्या यादीत लागलं तेव्हाही हाच प्रश्न होता. माझा वाडगा मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून ओळीत आहे. दाखला पाच मिनिटांत मिळाला.

मी म्हटलं, "मोठे लामा, रोज पहाटे गोम्पाची चूल तीच पेटवते. सगळ्यांच्या वाडग्यात चहा तीच ओतते."

"तेच म्हणतो. चहा ज्याच्या वाट्याला येतो तो ओळीतला. चहा करणारा चुलीपाशी. उद्या बाजारातला चहावाला पण दाखला मागेल!"

हसले सगळे. मीही हसलो थोडा, खोटं कशाला लिहू.

मोठे लामा वाईट माणूस नाहीत. दीदी आजारी होती तेव्हा स्वतः औषधी पाला घेऊन चढले होते. पण एकदा नियम म्हटलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही. उठता उठता म्हणाले, "आणि तिला सांग, हल्ली चहात मीठ कमी पडतं."

३ डिसेंबर

दीदीला सांगितलं. ती पितळी वाट्या पुसत होती, सात वाट्या, देवापुढच्या पाण्याच्या. पुसत राहिली.

मग मी उपाय सांगितला. आपा, आमचे वडील, गेले त्या दिवसापासून त्यांचा वाडगा फळीवर पालथा आहे. घरातल्याच कोणी तो उचलायचा, सरळ करायचा, म्हणजे ती जागा त्याची. माझी जागा मला आधीच होती, मुलगा मला नाही. म्हणून तो तसाच. दीदीने उचलावा. घरातलीच आहे ती!

तिने वाटी उन्हाकडे धरून पाहिली. डाग राहिला नाही ना ते.

"म्हणजे घर सोडलं हे लिहून घ्यायला मी पुन्हा घरातली व्हायचं?"

मी पुसलेल्या वाट्या ओळीत लावल्या.

"आपांचा वाडगा आपांचा, भाई. राहू दे तिथेच. मी माझा आणीन."

४ डिसेंबर

दिवसभर वेलची. भट्टीचा धूर डोळ्यांत. दीदीचं बोलणं मनातून जात नाही.

आमच्या आईबापांनी मला गोम्पात दिलं, तिला नाही दिलं. मी तिथून परत आलो. छुमकीशी लग्न केलं, वेलची लावली, पोरीला शिकवलं. आमच्याकडे घरचे लामा असतातच, त्यात काही वावगं नाही. पूजेच्या दिवशी लाल वस्त्र, एरवी कुदळ. आणि दीदी कोणी न सांगता एक दिवस केस उतरवून आली. सगळं सोडलं. तरी कागद म्हणतो — मी गोम्पाचा, ती घरची.

याबद्दल माझ्या मनात कोणाविषयी राग नाही. फक्त लिहून ठेवतो.

२९ डिसेंबर

लोसूंग झाला. नवीन वर्ष आमचं. नाच, मुखवटे, खाब्से तळले, पाहुणे. दीदी तीन दिवस चुलीपुढून हलली नाही.

आज एक जाकीटवाला माणूस आला. संघाच्या जागेला उभ्या राहणाऱ्या कोणा लामाचा माणूस. पांढरा खादा, मानाचं उपरणं, माझ्या गळ्यात घातला, थर्मासमधला स्वतःचा चहा मला पाजला! कुठून कळलं कोण जाणे, म्हणाला, "आनींचं अडलंय ना? चिंता नको. पलीकडच्या खोऱ्यातल्या गोम्पाचा दाखला दोन दिवसांत आणून देतो. आमचे लोक आहेत तिथे."

दीदी शेजारीच होती. म्हणाली, "त्या गोम्पात दिवा कोण लावतं?"

"असेल कोणीतरी."

"मी नाही लावला कधी. मग मी तिथली कशी?"

"कागदावर हो, आनी! कागदावरच तर पाहिजे!"

"कागदावर तर मी अजून ल्हाकित आहे," दीदी म्हणाली आणि त्याच्या हातावर खाब्से ठेवले. तो खात खात उतरून गेला. खादा मी देव्हाऱ्यात ठेवला. खाद्याचा काय दोष.

११ जानेवारी

कचेरीत जाऊन आलो, निवडणुकीच्या टेबलापाशी. दहिवर गोठलं होतं, जीप घसरत घसरत गेली. टेबलावरचा मुलगा तरुण, सभ्य. हाताला फुंकर घालत लिहीत होता.

"नाव?"

"ओंगदुप. पण काम माझं नाही, बहिणीचं आहे. आनी आहे ती."

"अडचण काय?"

"वाडगा."

"काय?"

सगळं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाला, "गुरुजी, कायद्यात वाडगा नाही. कायद्यात दाखला आहे. दाखला कोणाला द्यायचा ते तुमच्या गोम्पाने ठरवायचं. त्यात आम्ही हात घालत नाही."

"म्हणजे परत वाडग्यावरच आलं."

त्याला हसू आलं, मलाही. शेवटची तारीख त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिली. उमेदवारी अर्ज सुरू झाले की काही दिवसांत नवीन नावं बंद. मार्चचा मध्य धरून चाला म्हणाला. निघताना म्हणाला, "लामा लोक जास्त, आनी थोड्याच आहेत यादीत. लागली तर बरं वाटेल."

१२ जानेवारी

दीदीला चिठोरं दिलं. तिने ते पोथीत घातलं.

९ फेब्रुवारी

समिती बसली. मी पुन्हा विषय मांडला. पाल्देन सर म्हणाले, कायद्याने हरकत नसावी, आनीही संघातच येतात. मोठे लामा म्हणाले, "कायद्याने मला चहा पाजलेला नाही." मग छपराचे पत्रे, मग डिझेल, मग कोणाच्या तरी म्हशीने बागेत घातलेला धुडगूस. दाखल्याचं पुढच्या वेळी.

पुढच्या वेळी म्हणजे कधी? कोणी विचारलं नाही. मीही नाही.

१० फेब्रुवारी

छुमकी बोलली आज. पाणी तापवत होती.

"तुम्ही समितीत काय करता हो?"

"बसतो."

"ते दिसतंय. तुमच्या तोंडून पहिली ओळ निघाल्याशिवाय अख्खा गोम्पा गप्प असतो म्हणता ना? मग बहिणीचं नाव तेवढं निघत नाही तोंडातून?"

"काढलं की."

"काढलं आणि गिळलं."

पाणी उकळायला लागलं. मी लाकडं आत सारली.

२१ फेब्रुवारी

फूलमाया मिस भेटली उतारावर. देछेनचं कार्ड आलं! फोटोत पोरगी घाबरलेली दिसते. मिसने दीदीचा फॉर्म तसाच पिशवीत ठेवलाय, दाखल्याची जागा रिकामी. "लामा, मी ओढून ताणून दहा मार्चपर्यंत थांबेन. पुढे माझ्या हातात नाही."

गुराँस फुलायला लागलाय वरच्या रानात. यंदा लवकर.

६ मार्च

हे नीट लिहून ठेवायला हवं.

आज दशमी. गुरू रिनपोछेंची पूजा. गावातले सगळे लामा आले होते, दोन्ही ओळी भरलेल्या. मी आत गेलो तेव्हा डाव्या ओळीच्या अगदी शेवटी, दाराजवळ, एक वाडगा दिसला. नवा, फिकट लाकडाचा. समोर आसन नाही, पोथी नाही. नुसता वाडगा. तिने बाजारातून आणला असणार, मला न सांगता. ठेव असं मी म्हटलं नव्हतं. उचल असंही म्हणालो नाही.

पूजा सुरू झाली. पहिला भाग झाला, चहाची वेळ आली. दीदी मोठी किटली घेऊन आली. वरपासून ओतत गेली. मोठे लामा, मी, पाल्देन सर, मग दोन्ही ओळी, जुने, तरुण, शेवटी परीक्षा देऊन आलेली पोरं. नव्या वाडग्याशी पोचली. थांबली नाही. तो तसाच सोडून दाराशी जाऊन उभी राहिली, किटली हातात.

आता मी अर्पणाचे श्लोक म्हणायचे. सगळे वाडगे भरले की उम्जेने सुरुवात करायची, सगळ्यांनी म्हणायचं, मग प्यायचं. त्याआधी कोणी ओठ लावत नाही. एवढ्या वर्षांत मी हे किती वेळा केलं असेल. जिभेवरच असतात ते शब्द.

मी सुरुवात केली नाही.

ठरवलं होतं असं नाही. खरंच नाही. त्या वाडग्याकडे नजर गेली आणि तोंड उघडलंच नाही. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक मान वळली. वाफ कमी झाली. बाहेरच्या ओढ्यावर माणी फिरते, तिची घंटी ऐकू यायला लागली. एरवी कधी ऐकू येत नाही ती आतून.

मोठे लामा हळूच म्हणाले, "उम्जे, घसा बसला का?"

"नाही."

"मग?"

"एक वाडगा रिकामा आहे, मोठे लामा. सगळे भरल्याशिवाय अर्पण कसं म्हणू?"

मागे एक पोरगा फिसकन हसला, लगेच गप्प झाला. पाल्देन सरांनी छताकडे पाहिलं, जणू पत्रे मोजतायत. मला भीती वाटत होती. या ओळीत मला बसवलं ते मोठ्या लामांनीच. पहिला श्लोक शिकवला तोही यांनीच. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, म्हण, की मी म्हटलं असतं. तेही जाणून होते.

चहावर लोण्याची साय धरली.

त्यांनी तसं म्हटलं नाही. त्या वाडग्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कोणाचा आहे तो?" आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

दाराशी दीदी म्हणाली, "माझा."

मोठ्या खोलीत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिथे ती कधी बोलतच नाही.

"कोणाची तू?"

मला वाटलं आता ती आपांचं नाव घेईल. तेवढ्याने सुटलं असतं सगळं.

"इथली," ती म्हणाली.

मोठे लामा आपल्या गार झालेल्या चहाकडे बघत म्हणाले, "मग ओतून घे. उभी काय राहतेस? आणि मीठ आजही कमी असणार, न पिताच सांगतो."

हसले सगळे. मोठ्याने, सुटल्यासारखे. दीदीने किटली वाकवली. आपल्या वाडग्यात ओतलं आणि दाराशीच्या गार फरशीवर बसली, पाय दुमडून, आमच्यासारखी. मग मी सुरुवात केली. श्लोकाच्या दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला माझा. सगळ्यांनी सांभाळून घेतलं.

७ मार्च

मोठ्या लामांनी सकाळीच बोलावलं. पाल्देन सर शिक्का घेऊन हजर.

"लिहा. ओळीत वाडगा आहे, मी डोळ्यांनी पाहिला."

बाकी कालच्याबद्दल एक शब्द नाही. माझ्याकडे बघतही नव्हते.

सरांनी लिहिलं. आनी छोजोम, अमुक गोम्पा. मग फॉर्मवरच्या एका रकान्याशी अडले. "वडिलांचं नाव? आता काय लिहायचं?"

दीदी म्हणाली, "आपांचंच. घर सोडलंय, आपांना नाही."

शिक्का उमटला जरा वाकडा. चालतो म्हणाले.

८ मार्च

फॉर्म मिसकडे दिला. पावती घेतली. गारा पडल्या संध्याकाळी, वेलचीचे नवे कोंब झोपले.

२८ मार्च

लागलं! पुरवणी यादीत, संघाच्या. मिसने फोनवर पानाचा फोटो पाठवला. देछेनने मोठं करून दाखवलं. वरून चार-पाच नावं सोडून छोजोम. घरच्या यादीत ल्हाकितवर काट मारलेली.

दीदीला सांगायला चढलो. ती लाकडं फोडत होती. "बरं झालं," म्हणाली आणि पुढचा ओंडका उभा केला. मग कुऱ्हाड टेकवून म्हणाली, "बिचारी ल्हाकित. तिने मतं बरी दिली होती."

१५ एप्रिल

प्रचार थांबला. दरी किती शांत झाली!

जाकीटवाला येऊन गेला होता परवा. दीदीला म्हणाला, आनी, आता आमची आठवण ठेवा. दीदीने त्याला पुन्हा खाब्सेच दिले, शिळे.

देछेन विचारते, मशीनवर बटण दाबल्यावर आवाज येतो का? चुकून दुसरं दाबलं तर? तिला सांगितलं, एकदाच दाबायचं, लांब आवाज आला की झालं, शेजारच्या पेटीत चिठ्ठी दिसते तीही बघायची. कार्ड आत्ताच कपड्यांवर काढून ठेवलंय तिने.

१७ एप्रिल

मतदान झालं. शाळेत. एका वर्गात गावाचं मशीन, पलीकडच्या खोलीत संघाचं. गावाची रांग पार खेळाच्या मैदानापर्यंत, आमची व्हरांड्यातच संपली. छुमकी त्या रांगेतून हात हलवत होती. "अहो लामासाहेब, तुमच्याकडे सावली आहे, आम्हाला ऊन! पुढच्या वेळी मलाही केस उतरवू द्या!" बायका हसल्या. देछेन तिच्या मागे, कार्ड दोन्ही हातांत धरून.

आमच्या रांगेत दीदी सगळ्यांत पुढे. पहाटेच उतरली होती. तिच्या मागे मी, माझ्या मागे पाल्देन सर. मोठे लामा उशिरा आले, काठी टेकत. पोलीस म्हणाला, बाबा, तुम्ही वयस्कर आहात, थेट पुढे चला. मोठे लामा दीदीपर्यंत आले, थांबले.

दीदी बाजूला सरकली.

ते म्हणाले, "नाही. तू आधी आलीस. रांग आहे." आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, गुडघे दुखत असूनही.

आत यादीवर बोट ठेवून बाईंनी मोठ्याने वाचलं, "छोजोम, आनी." दीदीने ओळखपत्र पुढे केलं. डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आड गेली. लांब आवाज आला मशीनचा. बाहेर आली तेव्हा तोंडावर काही नाही, नेहमीसारखी. कोणाला दिलं विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. माझंही मी कोणाला सांगत नाही.

उतरताना तिने बोट उन्हाकडे धरलं. वाटी धरते तसं.

देछेनला आवाज येईपर्यंत बटण सोडायचं सुचलं नाही म्हणे. हसत होती सारखी. घरी येऊन सोयाबीनचा किनेमा आणि भात. झोप छान लागेल आज.

१८ एप्रिल

पहाटे गोम्पात गेलो. चूल थंड. दीदी आत ओळीत बसलेली, वाडगा समोर, शाईचं बोट मांडीवर, डोळे मिटलेले. चहाची वेळ झाली. कोणी हलेना. मोठ्या लामांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग काठी टेकून ते उठले, आणि चुलीकडे गेले.

मीठ फार झालं होतं. सगळे प्यायले.